वरच्यांच्या तारा आणि लाल स्टिकरं

निहार, परवा तू व्हिडिओ कॉलवर म्हणालास की तुझ्या इलेक्ट्रिक गिटारच्या तारा बद्द वाजतात. 'बद्द' हा शब्द माझा. तू 'डल' म्हणालास. मागून रेवा म्हणाली, आजीला काय विचारतोस, तिला त्यातलं काय कळणार. रेवाचा अंदाज सहसा चुकत नाही. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेल्या बाईला गिटारमधलं काय कळावं? पण या एका विषयातलं मला बरंच कळतं. ते मी हौसेने शिकलेलं नाही. माझ्या घराच्या छतातून ते हळूहळू खाली झिरपत माझ्यापर्यंत आलं. फोनवर हे सांगायला घेतलं तर तुम्ही दोघं 'हो आजी, हो आजी' करून आपापल्या कामाला लागता, म्हणून सावकाश लिहून पाठवते आहे. जेवताना वाचा.

तुमचे आजोबा गेल्यावर सिडकोतल्या घराचा वरचा मजला मी भाड्याने दिला, हे तुम्हाला माहीत आहे. तिथे जे गृहस्थ राहत, त्यांना आमच्याकडे 'वरचे' म्हणत. भाडेकरारावर त्यांचं नाव व्यवस्थित लिहिलेलं होतं, पण कामवाली, दूधवाला, शेजारच्या वहिनी, सगळ्यांच्या तोंडी 'वरचे' बसलं ते बसलंच. ते मला 'बाई' म्हणत. शाळेतल्या मुली म्हणायच्या तसंच.

ते पहिल्यांदा घर बघायला आले तेव्हा सोबत त्यांची मुलगी प्रज्ञा होती. पत्नी आधीच वारल्या होत्या. आडनाव सांगून झाल्यावर ते क्षणभर थांबले आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. आडनाव ऐकल्यावर समोरचा काय करतो हे बघायची ती सवय होती. ती कशी लागली असेल हे मला विचारावं लागलं नाही. मी किल्ली पुढे केली. तर त्यांनी किल्ली न घेता माझा हातच हातात घेतला, उलटा केला, तळव्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "कोरडा हात हाय, बाई. तारेला चालंल."

मला वाटलं, हे हात बघून भविष्य सांगणाऱ्यांपैकी दिसतात. प्रज्ञा मागून थकलेल्या आवाजात म्हणाली, "बाबा, आपण घर बघायला आलोय."

हाताची ही भानगड पुढे कळली. त्यांचं ठाम मत होतं की काही माणसांचा घाम तार खातो. अशा माणसाने एकदा गिटार हातात घेतली की तारांची चमक जाते, त्या काळवंडतात आणि मग बद्द वाजायला लागतात. काहींचा घाम मात्र तारेला बाधत नाही. त्यामुळे नवीन माणूस भेटला की ते नमस्काराऐवजी त्याचा हात तपासत. गॅसचं सिलिंडर आणणाऱ्याचा हात त्यांनी तपासला, मीटरचं रीडिंग घेणाऱ्याचा तपासला. रेवा, तुझाही तपासला होता. तू तेव्हा बालवाडीत होतीस आणि हाताला गूळ लागलेला होता. 'हिला वर पाठवू नका,' एवढंच ते म्हणाले.

चिकलठाण्याच्या एका कारखान्यात त्यांची नोकरी झाली होती, माल तपासणीच्या खात्यात. निवृत्त झाल्यावरही ते कंपनीचाच राखाडी शर्ट घालत. खिशावरचं नाव मात्र त्यांनी ब्लेडने एकेक धागा ओढून उसवलं होतं. त्या खिशात कायम गोल स्टिकरांच्या गुंडाळ्या असत: लाल, पिवळी आणि हिरवी. माल पास झाला की हिरवं, नापास झाला की लाल, आणि ठरत नसेल तर पिवळं, म्हणजे थांबवून ठेवा. घरी बसल्यावर त्यांच्यापुढे माल येईनासा झाला, तेव्हा ते माझ्या घरातल्या वस्तू तपासायला लागले. माझ्या पापडाच्या डब्यावर हिरवं होतं. जिन्याच्या कठड्यावर पिवळं. वहिनींच्या भिंतीपलीकडून आमच्याकडे डोकावणाऱ्या पेरूवर एकदा लाल लागलं, तेव्हा वहिनी चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. जणू ते मी लावलं होतं.

प्रज्ञाला बघायला एक मुलगा आला होता. त्याचा हात तपासून झाला, चहा झाला. 'नंतर कळवतो' असं तोंडाने म्हणायच्या ऐवजी वरच्यांनी त्याच्या खिशावर पिवळं स्टिकर दाबून लावलं. तो बिचारा ते तसंच घेऊन मोटारसायकलवरून घरी गेला. घरी कुणीतरी कारखान्यात काम करणारं होतं, त्याने अर्थ सांगितला. तोच मुलगा पुढे त्यांचा जावई झाला. आपलं स्टिकर अजून कुणी बदललेलं नाही, असं तो आजही सांगतो.

आता गिटारबद्दल. वरचे मूळचे कन्नड गावचे. तिथे मित्रांबरोबर त्यांनी तरुणपणी भीमगीतांची पार्टी काढली होती. अशा पार्ट्यांत ढोलकी असते, बँजो असतो, हल्ली कीबोर्ड असतो. वरच्यांनी मात्र कधीतरी कुठेतरी इलेक्ट्रिक गिटार ऐकली आणि बँजो कायमचा खाली ठेवला. लोकांनी नावं ठेवली. त्यांनी गिटार सोडली नाही. आठवडाभर कारखाना आणि सुट्टीच्या दिवशी पार्टी, असं त्यांचं आयुष्य गेलं. नंतर प्रज्ञा गायला लागली, आणि पार्टी तिच्या नावाने ओळखली जाऊ लागली. त्याचं त्यांना वाईट वाटलं नाही. ते मुलीच्या मागे, उजव्या कोपऱ्यात बसून वाजवत.

निहार, आता तुझ्या उपयोगाचं सांगते. तार बद्द वाजायला लागली की तुझ्यासारखी मुलं एका दमात सगळं बदलतात आणि मग कशाने बरं वाटलं हे त्यांना कळत नाही. वरच्यांचा एक नियम होता, आणि तो ते मी भाजीत मीठ घालत असतानासुद्धा मला ऐकवत: "एका टायमाला एकच बदल करायचा, बाई. दोन केले का चोर सापडत नाय."

पहिलं काम वायर काढायचं. गिटार ॲम्पला न जोडता, कान लाकडाला टेकवून नुसती वाजवायची. नुसतीच बद्द वाजली तर दोष तारांत आहे, किंवा तारा जिथे टेकतात त्या खाचांत आहे. नुसती खणखणीत वाजते पण ॲम्पमधून बद्द येते, असं असेल तर दोष पुढे कुठेतरी. टोनचं बटण अर्धवट बंद असेल, वायर लांबलचक किंवा हलकी असेल, तारांखालची चुंबकं फार खाली गेली असतील, नाहीतर ॲम्पवरचं बटण कुणीतरी फिरवून ठेवलं असेल. अर्ध्या वेळा ते टोनचं बटणच निघतं, असं ते म्हणत, आणि मी फिरवलं असं कबूल करणारा आजवर भेटला नाही.

दोष तारांत असेल तर नव्या घालायच्या, हा सरळ उपाय. पण त्यांना तार टाकवत नसे. जाड तारांवर आणखी एक बारीक तार गुंडाळलेली असते. त्या वेटोळ्यांत घाम, धूळ आणि कातडीचा भुगा जाऊन बसतो, आणि त्यानेच ती मरते. म्हणून ते तारा उतरवून त्यांची गोल वेटाळी करत आणि पाण्यात उकळत. त्यातही पाणी नळाचंच हवं. बोअरच्या पाण्यात त्यांनी एकदा करून बघितलं होतं. पांढरा क्षार वेटोळ्यांत बसला आणि तारा होत्या त्याहून वाईट झाल्या. आपल्याकडे नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते तुमच्या बाबाला विचारा. पाण्याच्या दिवशी मी सगळी भांडी रांगेने मांडून वाट बघत बसायची, आणि नळ फुरफुरायला लागला की वरचे ॲल्युमिनियमचं पातेलं घेऊन जिन्यात हजर.

"बाई, पहिली धार माझी."

प्यायच्या पाण्याआधी तारांचं पाणी. मी वाद घालणं सोडून दिलं होतं. उकळलेल्या तारा ते गच्चीवरच्या दोरीवर चिमटे लावून वाळत घालत. शेजारच्या वहिनींनी मला हळूच विचारलं होतं की तुमचे वरचे शेवया करतात का, आणि करत असतील तर इतक्या थोड्या का.

उकळलेली तार काही दिवस नव्यासारखी वाजते आणि मग परत झोपते. त्यांना हे पक्कं माहीत होतं. "ही सलाईन हाय," ते म्हणत. "पेशंट उठून बसतो. चालत नाय."

तर ज्या वर्षाबद्दल मला सांगायचं आहे, त्या वर्षी त्यांचा पेशंट उठून बसेना. दिवाळीच्या सुमाराला त्यांनी नव्या तारा घातल्या आणि म्हणाले, यातच दम नाही. दुसऱ्या आणल्या, त्याही तशाच. पैठण गेटजवळच्या दुकानदाराला जाऊन सांगून आले की तुझा सगळा लॉट खराब आहे. दुकानदार ओळखीचा होता. त्याने चहा पाजून परत पाठवलं. मग त्यांनी वायर बदलली. टोनच्या बटणाच्या आतला भाग झाळून नवा बसवला. चुंबकं वर घेतली, इतकी वर की तार त्यांना घासायला लागली. खाचा कानशीने साफ केल्या. ॲम्प दुसऱ्याकडून आणून बघितला. प्रत्येक वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर तेच उत्तर. शेवटी त्यांनी माझ्या घरावर संशय घेतला. नव्या गिलाव्याची भिंत आवाज पिते, असं म्हणून बोटाच्या पेराने सगळ्या भिंती वाजवून बघितल्या आणि एका भिंतीला पिवळं स्टिकर लावलं. गिटारच्या अंगावर तर पिवळं दिवाळीपासून होतंच.

त्या महिन्यांत माझी स्थिती काय होती ते सांगते. ती गिटार मला खाली ऐकू येत होती, आणि ती आठवड्यागणिक जास्त टोकदार होत चालली होती. सुरीला धार लावणारा घरात येऊन बसावा तसं वाटे. माझे दात शिवशिवत. म्हणजे वर बद्द आणि खाली कर्कश, असा प्रकार होता. मी दुपारी कानावर उशी घेऊन पडायची आणि विचार करायची की एकच वाद्य दोन मजल्यांवर दोन तऱ्हांनी कसं वाजू शकतं. गुडघे दुखत होते, टँकरवाल्याला फोन करकरून जीव आंबला होता, म्हणून तो विचार मी पुढे नेला नाही.

तो पुढे नेला स्टिकरांनी. वरच्यांनी त्या हिवाळ्यात माझ्या दाराच्या बेलला लाल लावलं. ती चिमणीसारखी चिवचिवणारी बेल तुमच्या आजोबांनी आणलेली. वरचे म्हणाले, गेली ही. मी दाबून बघितली, तर ती चांगली वाजत होती. मला वाटलं, वायर सैल असेल, कधी वाजते कधी नाही. मग कुकरच्या शिट्टीला लाल लागलं. मग कपड्यांचं मशीन थांबल्यावर जी बारीक पीप वाजते, ती वाजत नाही म्हणून मशीनला. एक दिवस जिन्यात सहज म्हणाले, "प्रज्ञा हल्ली पुटपुटती. गाणारी पोरगी, तोंड उघडून बोलत नाय."

वर्गात मागच्या बाकावरची एखादी मुलगी दर श्रुतलेखनात तेच तेच शब्द चुकवायची, आणि ते शब्द एकत्र ठेवले की कळायचं, हिला स्पेलिंग येत नाही असं नाही, हिला मागे ऐकू येत नाही. मी स्वयंपाकघरात उभी राहून घरातली लाल स्टिकरं मनात एकत्र ठेवली. बेल, शिट्टी, पीप. सगळे बारीक, उंच आवाज. पंख्याला लाल नव्हतं, पाण्याच्या मोटारीला नव्हतं, टँकरच्या घरघरीला नव्हतं. तारेतही चमक असते ती त्या उंच आवाजाची, आणि तेवढीच काढून घेतली की मागे उरतं त्याला बद्द म्हणतात. हे मला वरच्यांनीच शिकवलेलं.

मला कळलं, आणि मी गप्प बसले. विचारलंय कुणी, असं स्वतःला सांगितलं. मुलींना आणि त्यांच्या आईबापांना नापास झाल्याचं सांगण्यात माझी सगळी नोकरी गेली होती. या वयात ती कामं पुन्हा नको होती.

पण मार्चमध्ये प्रज्ञा माझ्याकडे आली. ती ऑफिसातून थेट आली होती, पर्स खांद्यावरच होती. पाणी प्यायली आणि म्हणाली की एप्रिलमधल्या जयंतीला कन्नडला त्यांच्याच वस्तीत कार्यक्रम आहे. बाबांचा जन्म तिथला, पार्टी तिथे सुरू झाली, आणि या वेळी पार्टीतल्या लोकांना बाबा नको आहेत. प्रॅक्टिसला बाबा गिटार इतकी तीक्ष्ण लावतात की ढोलकीवाला कानात बोटं घालतो, आणि काही म्हटलं तर वर म्हणतात, अजून बद्दच आहे. त्यांनी दुसरा गिटारवाला बघून ठेवला होता. सांगायचं काम मुलगी म्हणून तिच्यावर टाकलं होतं.

"मग सांग," मी म्हटलं.

"मी सांगितलं तर ते लगेच बरं म्हणतील, बाई. भांडणार नाहीत. गिटार पेटीत ठेवतील आणि परत काढणार नाहीत. त्याचीच भीती वाटते."

मी तिला स्टिकरांबद्दल सांगितलं. ती उठून दाराबाहेर गेली आणि बेल दाबली. बेल वाजली. तिने परत दाबली. परत वाजली. आत आली तेव्हा तिचा चेहरा नुकताच धुतल्यासारखा दिसत होता. मला म्हणाली, "तुम्ही सांगा."

जिना चढायला मला वेळ लागतो. रविवारची दुपार होती. वरचे वर्तमानपत्र पसरून त्यावर गिटार खोलून बसले होते. मी खुर्चीत बसून आधी श्वास घेतला. मग विचारलं की आजवर काय काय बदललं. त्यांना तो प्रश्न आवडला. तारा, वायर, बटण, चुंबकं, खाचा, ॲम्प, खोली, सगळं त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं.

"एक राहिलं," मी म्हटलं.

"काय राहिलं?"

"ऐकणारा."

प्रज्ञा खिडकीशी उभी होती, ती बाहेर बघायला लागली. वरच्यांनी हातातला पेचकस वर्तमानपत्रावर ठेवला. मग म्हणाले, "व्हय. तो बदलला नाय."

एवढं झाल्यावर दुसरा कुणी रागावला असता किंवा हसण्यावारी नेलं असतं. वरच्यांना ते जमत नव्हतं. तपासणी रास्त असली की ती व्हायला हवी, हे त्यांच्या हाडात होतं. त्यांनीच पार्टीची दुसरी गिटार काढली. तिच्यावर जुन्या, काळ्या पडलेल्या तारा होत्या, आणि स्वतःच्या गिटारवर त्यांनी माझ्यासमोर पाकिटातून काढून नव्या चढवल्या. नियम मी केले असते त्याहून कडक केले. त्यांनी आणि मी भिंतीकडे तोंड करून बसायचं. प्रज्ञाने कधी ही, कधी ती, न सांगता छेडायची आणि आपल्याजवळ खूण करून ठेवायची. नवी वाटली तर हिरवं, जुनी वाटली तर लाल स्टिकर आपापल्या पुठ्ठ्यावर लावायचं. बोलायचं नाही. एकमेकांच्या पुठ्ठ्याकडे बघायचं नाही.

माझ्यासाठी ते अवघड नव्हतं. नवी तार वाजली की नाण्यासारखी खणकन वाजे. जुनी ओल्या पुठ्ठ्यासारखी. मी स्टिकरं लावत गेले. माझ्या शेजारी कागद सुटल्याचा चुर्र आवाज आधी लगेच येत होता, मग उशिरा येऊ लागला.

प्रज्ञा थांबली आणि आम्ही वळलो. माझा पुठ्ठा तिच्या खुणांशी जुळला. त्यांच्या पुठ्ठ्यावर सुरुवातीला लाल आणि हिरवं होतं, त्यातलं काही बरोबर, काही चूक. त्यापुढे ओळीने नुसती पिवळी. कुणी बघत नसतानाही त्यांनी अंदाजाने एकही स्टिकर लावलं नव्हतं.

"मला दोन्ही मेलेल्याच वाजतात, बाई," ते म्हणाले.

मी विचारलं, कारखान्यात मशीनशेजारी किती वर्षं होता. पत्रा ठोकणाऱ्या मोठ्या प्रेसशेजारी त्यांचं टेबल असे, हे मला माहीत होतं.

"सगळी."

"कानात घालायला काही देत नव्हते?"

"बोळे द्यायचे की. मीच नाय घातले." त्यांनी स्वतःशीच मान हलवली. "प्रेस बिघडायच्या आधी तिचा आवाज बदलतो. बोळे घातले का ते कळत नाय. बाकीचे मोजून बघायचे, मी ऐकून सांगायचो. लई मान होता मला त्या कानाचा."

खाली गल्लीत टँकर लागला होता. त्याचा पाइप ओढल्याचा आवाज येत होता. कुणी तरी वरून दुसऱ्याला ओरडून सांगत होतं की आधी आमची टाकी. वरचे म्हणाले, "तुम्ही पास. मी रिजेक्ट. प्रज्ञा, त्यांना सांग, दुसरा गडी घ्या म्हणावं."

ती ज्याला भीत होती ते तेच वाक्य होतं. मला फार थकवा आला. खाली जाऊन पडावं असं वाटत होतं. पण इतका जिना चढून आले होते, म्हणून विचारलं, "तुमच्या खात्यात रिजेक्ट मालाचं पुढे काय होई?"

"भंगार."

"सगळा?"

तपासणीच्या बाबतीत त्यांना खोटं बोलता येत नव्हतं. "सगळा नाय," ते म्हणाले. "काही रीवर्कला जायचा. पण मग तो आपला आपण पास करायचा नसतो. दुसऱ्या माणसाची सही लागती."

"मग लागू दे सही," मी म्हटलं.

त्या दिवसापासून त्यांनी आपल्या मनाने टोनच्या बटणाला हात लावणं बंद केलं. प्रॅक्टिसच्या दिवशी ते गिटार घेऊन खाली माझ्या बैठकीत येत आणि वाजवत. मी वर्तमानपत्र वाचत ऐकायची. टोचायला लागलं की रुमाल उजव्या हातात घ्यायचा, बद्द झालं की डाव्या. ठीक असेल तर मांडीवर. ते रुमालाकडे बघून बटण फिरवत. बोटं त्यांची चांगलीच होती, त्यांना काही झालेलं नव्हतं. सूर, ठेका, जागा सगळं ठिकाणावर. फक्त चमक किती ठेवायची हे कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि ती नोकरी मला लागली. मला गिटार आवडत नाही, हेही मी त्यांना सांगितलं होतं. ते म्हणाले, तर मग फारच उत्तम. आवडणाऱ्याला सगळंच चांगलं वाजतं.

पार्टीतल्या लोकांनी प्रॅक्टिसला ऐकलं, ढोलकीवाल्याने कानातली बोटं काढली, आणि दुसऱ्या गिटारवाल्याला नको म्हणून कळवलं. फक्त कन्नडला रुमाल कोण धरणार, हा प्रश्न उरला. त्याचं उत्तर मला आधीच माहीत होतं.

जीपमधून कन्नडला जाताना माझ्या कमरेचं काय झालं ते लिहीत नाही. वस्तीतल्या चौकात निळ्या पताका लावल्या होत्या. बायका पांढऱ्या साड्या नेसून सतरंज्यांवर बसल्या होत्या, आणि मला मात्र सगळ्यांच्या पुढे एक प्लास्टिकची खुर्ची दिली होती. मी कोण, हे प्रज्ञाने माइकवरून सांगितलं नाही, त्याबद्दल मी तिची आभारी आहे. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "तुम्ही कोन त्यांच्या?" मी म्हटलं, घरमालकीण. त्यांनी माझ्या रुमालाकडे बघितलं. "मंग येवढ्या लांब भाडं घ्यायला आल्या का काय?"

संध्याकाळ उतरत होती. प्रज्ञा गायला उभी राहिली. तिच्यामागे उजव्या कोपऱ्यात वरचे, राखाडी शर्टात, डोळे माझ्या हातांवर. पहिल्या गाण्यात रुमाल उजव्या हातात गेला, मग डाव्या, मग मांडीवर आला. त्यानंतर तो मांडीवरच राहिला. खरं सांगायचं तर तिसऱ्या-चौथ्या गाण्यानंतर माझा डोळा लागला. प्रवासाने मी गळून गेले होते. जाग आली तेव्हा रुमाल मांडीवर, गाणं रंगात आलेलं, आणि गिटार अशी स्वच्छ वाजत होती की मला, न आवडणाऱ्या बाईला, बरं वाटलं. नंतर वरच्यांनी विचारलं की मधे एवढा वेळ रुमाल हलला नाही, खरंच सगळं ठीक होतं का. मी म्हटलं, इतकं ठीक होतं की झोप लागली. त्यांनी खिशातून हिरवं स्टिकर काढून माझ्या रुमालाला लावलं.

दुसऱ्या दिवशी गिटारवरचं पिवळं गेलेलं होतं. ते वरच्या खोलीतल्या आरशावर लागलं होतं, उभं राहिलं तर कानाच्या उंचीला येईल असं.

पुढे त्यांनी कानाचं मशीन घेतलं. त्यातून ताटावर वाटी ठेवल्याचाही ठणाणा होतो, म्हणून ते जास्त वेळ खिशातच असे. प्रज्ञाचं लग्न झालं, ती इथेच शहरात राहते. वरचे कन्नडला भावाकडे राहायला गेले. अधूनमधून त्यांचा फोन येतो. त्यांना माझं ऐकू येत नाही, आणि हल्ली मलाही त्यांचं नीट येत नाही. आम्ही आपापलं बोलतो आणि ठेवतो.

निहार, तू तुझ्या गिटारची फीत फोनवर पाठवलीस ती मी तीन वेळा ऐकली. मला ती बद्द वाटली. पण हल्ली मला कोकीळ ऐकू येत नाही, कुकरच्या शिट्ट्या मी वाफ बघून मोजते, आणि गॅसवाला तक्रार करतो की बेल वाजवून वाजवून बोट दुखलं. त्या बेलवरचं लाल स्टिकर मी कधी काढलं नव्हतं. आता काढायची गरज नाही.

म्हणून मी ऐकणारा बदलला. फीत प्रज्ञाला पाठवली. ती म्हणाली, जाड तारा अगदी मेल्या आहेत, मुलाला घाम फार येतो का विचारा.

तेव्हा तुझे कान शाबूत आहेत. तारा बदल. एका वेळी एकच गोष्ट बदल. आणि वाजवायच्या आधी हात धूत जा.